मागील बेरीज

पौषातल्या एका गुरुवारी गोंदवल्याला गेले होते. दुपारच्या प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढं एक बाई होत्या, साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. रांग हळूहळू सरकत होती. आतून आमटीचा वास येत होता. त्यांनी मागं वळून माझ्या गळ्यात अडकवलेल्या माळेकडं पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "ताई, तुमचं किती होतं रोज?" मी म्हणाले, "पाच माळा." त्या म्हणाल्या, "व्वा. तेच म्हणते मी, चेहऱ्यावर दिसतंय." आणि मग थोडं थांबून, "माझी एकच होते बाई. ती पण कधी कधी राहून जाते."

माझी रोज एक होत होती. आठवड्यातून दोन दिवस तीही नाही. एखाद्या रविवारी दोन.

पुढं रांग हलली, आम्ही आत गेलो, पंगतीत शेजारी बसलो. 'जानकीजीवनस्मरण जय जय राम' झालं, भात आला, आमटी आली. मी मान खाली घालून जेवत होते. त्या बाई वाढप्याकडून माझ्यासाठी आणखी भात मागून घेत होत्या, जणू पाच माळा करणाऱ्या बाईची काळजी घ्यायला हवी. ते जेवण मला गोड लागलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. दहिवडी गेली, पुसेगाव गेलं, वर्धनगडाचा घाट उतरून कोरेगावचा ऊस दिसायला लागला तरी डोक्यात एकच घोळत होतं. मला कुणी हिशेब मागितला नव्हता. खोटं बोलून काही मिळणार नव्हतं, खरं बोलून काही जाणार नव्हतं. त्या बाई पुन्हा आयुष्यात भेटायच्या नाहीत. मग 'पाच' हा आकडा माझ्या तोंडातून इतका झटकन आला कुठून?

मी अकाउंट्समध्ये काम करते. सत्तावीस वर्षं झाली. आकडा इकडचा तिकडं झाला की माझी झोप जाते, दीड रुपयाचा फरक सापडेपर्यंत मी संध्याकाळी सहानंतर ऑफिसात बसलेली आहे. त्या नोकरीत एकदाही आकडा फुगवला नाही, आणि देवाच्या दारात, आमटीभाताच्या रांगेत, एकाचे पाच केले.

ही माळ आईची. तुळशीची, आता काळपट झालेली, मणी झिजून गुळगुळीत. आई सांगलीला गावभागात राहायची, कृष्णेपासून चालत पाच मिनिटांवर. पहाटे उठून चूळ भरली की ती भिंतीला पाठ टेकून बसायची आणि पदराखाली माळ ओढायची. मधल्या बोटावर माळ, अंगठ्यानं मणी मागं. तर्जनी बाजूला, ताठ. लहानपणी मी विचारलं होतं, हे बोट का नाही लावायचं? ती म्हणाली, "ते दुसऱ्याला दाखवायचं बोट. दटावायचं. ते इथं नको." मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. एकशे आठ मणी झाले की तिच्या हिशेबात शंभर. वरचे आठ चुकले-माकले त्याला, मन दुधावर गेलं त्याला, दाराशी कोण आलं बघितलं त्याला. अशी पद्धत पुष्कळ घरांत आहे. आता कळतं, आमच्या धंद्यात बुडीत येण्यांसाठी, म्हणजे परत न मिळणाऱ्या पैशांसाठी, तरतूद करून ठेवतात, तशी ती तरतूद होती. माणूस चुकणारच हे आधीच धरलेलं.

आणि माळ अर्धी असताना कुणी हाक मारली, कुकरची शिट्टी झाली, नळाला पाणी आलं, तर ती ब्लाउजला लावलेली सेफ्टी पिन काढून जिथं आली तिथं माळेत अडकवायची आणि उठायची. काम झालं की त्या पिनेपासून पुढं. आईची आठवण आली की तिचा चेहरा नंतर येतो, आधी ती पिन येते.

2002 साली श्रावणात वडील गेले. दिवसकार्य उरकल्यावर आईनं दोनशे पानी लाँग वही आणली आणि लिखित जप सुरू केला. तोंडानं 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी चालायचा, लिहायला नुसतं 'श्रीराम'. पानाला चार रकाने पाडायची, रकान्यात सत्तावीस ओळी. चार गुणिले सत्तावीस, एकशे आठ. एक पान म्हणजे एक माळ. लिहायला वडिलांचं शाईचं पेन घेतलं. मला ते आवडलं नव्हतं. मी तेव्हा ऐन तिशीत होते, सातारला संसार, नोकरी, कुठल्या कुठल्या व्याख्यानांना जायचे, ध्यान म्हणजे काय यावर माझी मतं झाली होती. मी तिला म्हणाले, "आई, नाम मोजून घ्यायचं असतं का? किराणा आहे का तो?" तिनं पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "मोजलं नाही तर मला वाटतं, खूप झालं."

तेव्हा मी हसले होते. हे वाक्य कळायला मला वीस वर्षं लागली. न मोजणारी मी, मनातल्या मनात कायम पुष्कळ केलेली असायची. दहा मिनिटं डोळे मिटून बसले की अर्धा तास बसल्यासारखं वाटायचं. आठवड्यातून तीनदा बसले की 'मी रोज बसते' असं सांगायची, आणि ते मला खरंच वाटायचं. रांगेत आलेले 'पाच' तिथूनच आले असणार. ते त्या दिवशी जन्मले नव्हते, आत कधीचे साठलेले होते.

आकड्यांचं वेड माझं आहेच, म्हणून एकदा बसून हिशेब केला होता. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. बारा वर्षांचे दिवस 4,380. दिवसाला 29,680. तेरा अक्षरांना दोन सेकंद धरले तरी रोज साडेसोळा तास होतात. पहिल्यांदा हा आकडा पाहिला तेव्हा माझ्यातली अकाउंटंट शंका काढत बसली. नंतर वाटलं, साडेसोळा तास म्हणजे जागेपण सगळंच. उठल्यापासून झोपेपर्यंतचा अखंड दिवस. आणि दुसरा हिशेब असाच हाती लागला. योगाच्या ग्रंथांत माणसाचे दिवसरात्रीचे श्वास 21,600 सांगितले आहेत, मिनिटाला पंधरा. आईची वही दोनशे पानांची, पानावर एकशे आठ. दोनशे गुणिले एकशे आठ, एकवीस हजार सहाशे. तिची एक वही म्हणजे एका दिवसाचे श्वास. तिला हे माहीत नव्हतं. तिनं ओळी मोजून रकाने पाडले होते, बाकी दुकानदारानं जी वही दिली ती.

2019 चा ऑगस्ट. सातारला रात्रंदिवस पाऊस कोसळत होता. आमच्या जिन्यावरच्या पत्र्याचा आवाज इतका की घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. सांगलीत माहेर असलेल्या बाईला साताऱ्याचा पाऊस वेगळा ऐकू येतो. महाबळेश्वरात पडलेलं, कोयनेच्या धरणातून सुटलेलं, माहुलीला वेण्णेनं आणून दिलेलं सगळं पाणी कराडवरून खाली जाणार आणि शेवटी आईच्या दाराशी उभं राहणार, हे डोक्यातून जात नाही. मी फोन करायची, ती म्हणायची, पायरीशी आलंय. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं. गल्लीतल्या मुलांनी तिला होडीत बसवून काढलं आणि विश्रामबागला मावसभावाकडं पोचवलं. अंगावरची साडी, गोळ्यांची पिशवी, गळ्यात माळ. वह्या लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिल्या. वरच्या कप्प्यात चांगली भांडी होती.

पाणी ओसरल्यावर आम्ही आत शिरलो. ज्यानं पुरानंतरचं घर पाहिलं आहे त्याला तो वास सांगायला नको, आणि ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. दार फुगून बसलेलं, ते दोघांनी खांदा लावून उघडलं. फ्रिज आडवा पडून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आलेला. भिंतीवर डोक्याच्या वर चिखलाची सरळ रेघ, पट्टीनं आखल्यासारखी. आई फ्रिजकडं बघून गप्प होती, गादीकडं बघून गप्प होती. कपाट उघडलं आणि खाली बसली ती रडायलाच लागली. 31 वह्या पूर्ण होत्या, बत्तिसावी चालू. सगळ्या मिळून एक लगदा झालेला, कणकेच्या गोळ्यासारखा.

गच्चीत नेऊन आम्ही त्या सोडवल्या. तेव्हा एक गोष्ट दिसली. शाईच्या पेनाच्या वह्या, पहिल्या सहा वर्षांच्या, वडिलांच्या पेनाचं निब मोडेपर्यंतच्या, त्यांत एक अक्षर उरलं नव्हतं. पानं नुसती निळसर, आभाळ उतरल्यासारखी. नंतरच्या बॉलपेनच्या होत्या, ती शाई तेलाची, ती पाण्याला दाद देत नाही. चिखलाखाली ओळीच्या ओळी जशाच्या तशा. श्रीराम, श्रीराम, श्रीराम. आईनं बॉलपेनच्या वह्या उन्हात मांडल्या, कोपऱ्यांवर दगड ठेवले. निळसर पानं मात्र ती मांडीवर घेऊन बसली आणि बोटानं चाचपत राहिली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आई, परत लिहू गं." ती म्हणाली, "परत कशाला? वही गेली. केलेलं कुठं जातंय?"

मला ते धीराचं बोलणं वाटलं, तेव्हा. पण रात्री विश्रामबागेत तिनं मावसभावाच्या नातवाकडून एक कोरी वही मागून घेतली. पहिल्या पानावर वर लिहिलं, 'मागील बेरीज 6,20,000'. एकतीस वह्या, वहीचे वीस हजार. मी विचारलं, "बत्तिसाव्या वहीतली चार-पाच पानं झाली होती ना? ती?" तिनं मान हलवली. "ती धरायची नाहीत. वही अर्धी राहिली."

तिचं ते वाक्य मी तिच्या माघारी कितीदा तरी उलटून पाहिलं. ती गेली 2022 मध्ये, उन्हाळ्यात, झोपेतच. क्रियाकर्म झाल्यावर तिची कपाटं आवरताना मी एकदा कागद घेऊन बसले. वडील गेल्यापासून पुरापर्यंत सतरा वर्षं. सतरा वर्षांचे दिवस 6,205. एकतीस वह्यांची पानं 6,200, आणि चालू वहीतली ती चार-पाच. मी तो कागद हातात धरून बसून राहिले. माझी दोन बाळंतपणं, भावाचं लग्न, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ती माझ्याशी भांडून न बोलता सांगलीला निघून गेली ते आठ महिने, या सगळ्यांतून रोज एक पान. एखाद्या दिवशी राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी दोन. तिनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. तिला स्वतःला ही बेरीज ठाऊक होती की नाही, कोण जाणे. आणि त्यातली पाच पानं तिनं आपण होऊन सोडून दिली, कारण वही पुरी झाली नव्हती.

आमच्या कामात लेखापरीक्षक येतो. कुणीतरी तपासणार आहे या धाकावर बरेचसे व्यवहार सरळ राहतात. साधनेची वही मात्र कुणी तपासत नाही. गुरू तपासत नाही, घरचे तपासत नाहीत. तिथं माणूस एकटा असतो आणि कितीही आकडा मांडू शकतो. आई तिथं पाच पानं कमी मांडत होती. मी चार माळा जास्त मांडून आले होते.

गोंदवल्याहून आल्यावर पहिले काही दिवस मी खरंच पाच माळा केल्या. बोललेलं खरं करावं म्हणून. पहाटे उठून गच्चीच्या दाराशी घोंगडी टाकून बसायचे. सातारची थंडी गुडघ्यात शिरते. समोर अजिंक्यतारा अजून काळा, यवतेश्वराच्या घाटात एखाद्या गाडीचा दिवा वळण घेताना दिसायचा, खाली पहिल्या एसटीचा घरघराट. पहिली माळ बरी जायची. दुसरीपासून मी घड्याळाकडं बघत होते. तिसरीत तेरा अक्षरांची अकरा व्हायची, 'जय जय' मधला एक 'जय' गळायचा. पाचवी अडीच मिनिटांत उरकली त्या दिवशी हातात माळ तशीच धरून बसले. हे कर्ज फेडणं चाललं होतं, आणि तेही खोट्या नाण्यांनी.

तेव्हापासून एक छोटी डायरी ठेवली आहे, पोस्टाच्या कॅलेंडराएवढी. त्यात रोजचा आकडा. 1. 0. 1. 1. 2. 0. 0. शून्य लिहिताना पहिल्यांदा पेन अडखळलं, आणि विचित्र म्हणजे त्याच दिवशी कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली. कारण मी सांगू शकत नाही. पण ते शून्य माझं स्वतःचं होतं, एवढं वाटलं.

बदल काय झाला, असं माझी धाकटी जाऊ विचारते. तिला लगेच उत्तर हवं असतं आणि तिचंही बरोबर आहे, घरात आजारी माणूस आहे, तिला काहीतरी आधार हवा आहे. तिच्या मुलीनं, ती फिजिओथेरपीला आहे, मला एकदा सांगितलं होतं की 2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि तिबेटी मंत्र म्हणायला लावला, तर दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. मला ते ऐकून बरं वाटलं. माझ्या अनुभवाशी ते जुळतं, फक्त घाईत नाही जुळत. घाई केली की श्वास छातीतच अडकतो. सावकाश म्हटलं की माळेच्या शेवटच्या पंचवीस-तीस मण्यांत तो आपोआप लांबतो, खांदे उतरतात, जबडा सुटतो. माझा जबडा आवळलेला असतो हेच मला त्या मण्यांपर्यंत माहीत नसतं. जावेला मी एवढंच सांगितलं. राग गेला का? नाही गेला. परवाच काउंटरवरच्या मुलावर ओरडले. पण ओरडल्यावर दहा मिनिटांत त्याच्याकडं जाऊन 'चुकलं माझं' म्हणाले. आधी असं म्हणायला मला दोन दिवस लागायचे, आणि कित्येकदा ते दोन दिवस संपायचेच नाहीत. आईशी अबोला धरला ते आठ महिने त्यातलेच. ते मात्र कुठल्याच बेरजेत बसत नाहीत.

त्या नऊवारीतल्या बाईंची अजून आठवण येते. 'ती पण कधी कधी राहून जाते' हे त्यांनी किती मोकळ्या आवाजात सांगितलं होतं. माणगंगेच्या काठच्या असतील, की माझ्यासारख्याच लांबून आलेल्या? माणदेशातलं ते उजाड माळरान, पावसाची वाट बघणारं, आणि दुसरीकडं पाण्यात बुडालेलं माझं माहेर. माणगंगा भीमेला मिळते आणि भीमा पुढं कृष्णेला. म्हणजे पाणी शेवटी एकच. पुढच्या पौषात जायचं ठरवलं आहे. त्या भेटणार नाहीत हे माहीत आहे. पण कुणी विचारलं तर सांगायला आकडा तयार आहे, डायरीतला, जसा आहे तसा.

आज पहाटे बसले. गार वारा होता, अजिंक्यताऱ्यावरचा दिवा धुक्यात पुसट. पहिली माळ चांगली झाली. दुसरी घेतली, साठेक मणी झाले असतील, खाली सासूबाईंनी हाक मारली, त्यांना बाथरूमला जायचं होतं, एकट्या उठू शकत नाहीत. मी माळेतली पिन चाचपली. आईचीच आहे, थोडी गंजली आहे. ती आलेल्या मण्याला अडकवली आणि उठले. त्यांना धरून नेलं, तोंड धुवून दिलं, चहा ठेवला, मग दूध आलं, मग ऑफिसची वेळ झाली.

डायरीत 1 लिहिला. माळ अजून पिनेसकट खुंटीला आहे.